अनुताई वाघ

अनुताई बाळकृष्ण वाघ (जन्म : मोरगाव, जि. पुणे, १७ मार्च १९१०, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९२) या मराठी शिक्षणतज्ज्ञ, समाजसेविका, संपादक व लेखिका होत्या. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी सत्तेचाळीस वर्षे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम केले. बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा आणि बालसेविकांचे प्रशिक्षण या क्षेत्रांतील त्यांचे कार्य विशेष महत्त्वाचे मानले जाते. भारत सरकारने १९८५ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

अनुताईंच्या आयुष्यात परीक्षांना वेगळे स्थान होते. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या या मुलीने दोन वर्षांत व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा दिली, पुढे शिक्षक-सनद परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला, नोकरी सांभाळून मॅट्रिक केले आणि पन्नाशी ओलांडल्यावर पदवी मिळविली. सनदेमुळे त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले. मात्र ज्या मुलांपर्यंत शाळाच पोहोचली नव्हती त्यांना कसे शिकवावे, याचे उत्तर सनदेच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते त्यांनी डहाणू तालुक्यातील पाड्यांवर काम करून शोधले आणि नंतर तेच इतर शिक्षिकांसाठी प्रशिक्षणाचा विषय केले.

बालपण व विवाह

अनुताईंचा जन्म अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे स्थान असलेल्या मोरगाव या गावी झाला. त्यांच्या आईचे नाव यमुनाबाई व वडिलांचे नाव बाळकृष्ण. त्या काळच्या रूढीप्रमाणे १९२३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह शंकर वामन जातेगावकर यांच्याशी झाला. विवाहानंतर सहा महिन्यांतच पतीचे निधन झाले.

बालविधवेपुढे त्या काळी फारसे मार्ग नव्हते. घरातील कामे, व्रतवैकल्ये आणि परावलंबन यांतच बहुतेकींचे आयुष्य सरत असे. तथापि महाराष्ट्रात या स्थितीला छेद देणारे प्रयत्न सुरू झालेले होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला होता. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला होता. समाजाने थोडीफार मान्यता दिलेले स्त्रियांचे व्यवसाय प्रामुख्याने हेच दोन होते. अनुताईंनी शिकून स्वावलंबी होण्याचा निश्चय केला आणि शिक्षिकेचा मार्ग निवडला.

शिक्षण

अनुताईंचे शिक्षण इगतपुरी, नाशिक व पुणे या ठिकाणी झाले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला बसल्या आणि नाशिक जिल्ह्यात पहिल्या आल्या. मराठी सातवीच्या शेवटी होणारी ही परीक्षा लोकांच्या बोलण्यात नुसती फायनल म्हणून ओळखली जाई. ग्रामीण भागात तिला मोठा मान होता, कारण ती उत्तीर्ण झालेल्यांना प्राथमिक शाळेतील शिक्षकाची किंवा सरकारी कचेरीतील कनिष्ठ जागा मिळण्याची शक्यता असे. परंतु नुसत्या फायनलवर लागलेला शिक्षक अप्रशिक्षित गणला जाई. प्रशिक्षित शिक्षकाचा दर्जा मिळविण्यासाठी अध्यापनाची सनद आवश्यक होती.

अनुताईंनी पुण्यात या सनदेसाठी शिक्षण घेतले. १९२९ मध्ये त्या प्राथमिक शिक्षक-सनद परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे सारडा कायदा, संमत झाला. १९३० मध्ये अमलात आलेल्या या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. अनुताईंचा विवाह त्या वयापूर्वीच होऊन संपला होता. कायद्याने जे संरक्षण त्यांना वेळेवर दिले नाही, त्याऐवजी त्यांच्या हाती सनद होती.

शिक्षक-सनद परीक्षेची पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात शिक्षकांच्या औपचारिक प्रशिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल वर्ग सुरू झाला आणि दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे त्याची सूत्रे सोपविण्यात आली. पुढे पुण्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे तेथील प्राचार्य होते. कालांतराने स्त्री-शिक्षिकांसाठीही स्वतंत्र अध्यापन विद्यालये स्थापन झाली.

माध्यमिक शाळेतील शिक्षक एखाद-दुसरा विषय शिकवितो. प्राथमिक शिक्षकाला मात्र आपल्या वर्गाचे सर्व विषय शिकवावे लागतात. खेड्यातील एकशिक्षकी शाळेत तर एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागत. त्यामुळे सनदेच्या उमेदवाराला भाषा, गणित, इतिहास, भूगोल असे निरनिराळे विषय तयार करावे लागत. शिवाय प्रत्येक विषय शिकविण्याची पद्धती वेगळी. भाषेच्या पाठात वाचनाचे वळण, उच्चार व अर्थग्रहण यांकडे लक्ष द्यावे लागे, गणितात मूर्त वस्तूंपासून अंकांकडे जावे लागे आणि भूगोलात शाळेच्या परिसरापासून आरंभ करावा लागे.

अशा परीक्षेची तयारी केवळ पाठांतराने होत नसे. पाठाचे टाचण काढणे, ठरलेल्या वेळेत पाठ पुरा करणे, फळ्यावरील लेखन नेटके ठेवणे, मुलांना प्रश्न कसे विचारावेत हे जाणणे आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष पाठ देणे हा या शिक्षणाचा गाभा होता. पुस्तकी विषयांत हुशार असलेला उमेदवार सरावपाठात अडखळू शकत असे, आणि मुलांशी सहज जुळवून घेणारा लेखी परीक्षेत मागे पडू शकत असे. सनद मिळविणाऱ्याला या दोन्ही बाजू सांभाळाव्या लागत. अनुताईंचा पहिला क्रमांक या दृष्टीने लक्षणीय ठरतो.

चांदवड व पुणे येथील अध्यापन

सनद मिळताच १९२९ मध्ये अनुताईंनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात ग्रामीण शिक्षिकेची नोकरी पत्करली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर इलाख्यातील ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आला होता. खेड्यात एकटीने राहून नोकरी करणारी तरुण विधवा हे त्या काळी दुर्मीळ दृश्य होते. मुलींना शाळेत पाठविण्याविषयीची पालकांची अनास्था आणि शेतीच्या हंगामात ओस पडणारे वर्ग यांचा अनुभव ग्रामीण शिक्षकाला नित्याचाच होता. अनुताईंनी तेथे चार वर्षे काम केले.

१९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत रुजू झाल्या. महादेव गोविंद रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेली ही शाळा मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात अग्रगण्य मानली जाते. येथील विद्यार्थिनी आणि चांदवडच्या खेड्यांतील मुले यांच्या परिस्थितीत मोठे अंतर होते. अनुताई या शाळेत १९४४ पर्यंत होत्या.

पुण्यातील वास्तव्यात त्यांनी आपले अपुरे राहिलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले. फायनल व सनद या परीक्षा मराठी माध्यमातील प्राथमिक शिक्षणाच्या मार्गावर होत्या. त्या मार्गाने जाणाऱ्याला उच्च शिक्षणाचे दार बंद असे. ते उघडण्यासाठी मॅट्रिक व्हावे लागे. मॅट्रिकसाठी इंग्रजीसारखे विषय नव्याने तयार करणे भाग होते. दिवसभर वर्गात शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी हा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या.

ताराबाई मोडक यांच्याशी परिचय

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या पदवीधर असून राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून त्या भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षण पद्धतीचा त्यांच्यावर प्रभाव होता. मात्र ही पद्धती महागड्या साधनांमुळे शहरांतील सुस्थित कुटुंबांपुरती राहते, हे त्यांना जाणवू लागले होते. ग्रामीण व गरीब मुलांसाठी तिला स्वस्त व देशी रूप द्यावे, या विचाराने त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले.

१९४५ मध्येच ग्रामसेविकांच्या शिबिराच्या निमित्ताने अनुताई व ताराबाई यांची भेट झाली आणि ताराबाईंच्या बोलावण्यावरून अनुताई बोर्डीला आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुण्यातील नामांकित शाळेचा अनुभव गाठीशी असताना त्यांनी समुद्रकाठच्या एका खेड्यातील नव्या, अनिश्चित प्रयोगात उडी घेतली. पुढील आयुष्यभर त्या याच कामात राहिल्या.

बोर्डी व कोसबाड

बोर्डी व कोसबाड ही गावे डहाणू तालुक्यात असून २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात समाविष्ट आहे. १९४५ च्या सुमारास येथील आदिवासी, विशेषतः वारली, जमीनदार व सावकार यांच्या वेठबिगारीखाली दबलेले होते. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांचा लढा सुरू केला. ज्या मुलांना शिकवायचे, त्यांचे आईबाप अशा परिस्थितीत जगत होते. मूल चालू-बोलू लागले की धाकट्या भावंडाला सांभाळणे, गुरे राखणे, लाकूडफाटा आणणे ही कामे त्याच्या वाट्याला येत. शाळेत जाणे म्हणजे घरातील एक कामकरी हात कमी होणे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीत आदिवासी वस्तीतील मुले येईनात. आली तरी टिकेनात. घर ते बालवाडी हे अंतर, अनोळखी वातावरण, वेगळी बोली आणि अस्वच्छतेविषयी होणारी कुचंबणा ही त्याची काही कारणे होती. तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या झोपडीच्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. यातून अंगणवाडी आकारास आली. हा शब्द पुढे देशभर रूढ झाला. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

अंगणवाडीतील शिक्षिकेचे काम अक्षरांपासून सुरू होत नसे. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज-नायट्याकडे लक्ष देणे ही पहिली कामे होती. त्यानंतर गाणी, गोष्टी व खेळ येत. चिंचोके, शिंपले, दगड, पाने, बिया व माती हीच शैक्षणिक साधने होती. मोजणे शिकविण्यास चिंचोके पुरत, आकार व रंग ओळखण्यास पाने-फुले पुरत. महागडी साधने नसल्यामुळे पद्धतीची तत्त्वे बदलत नाहीत, हे या कामातून दिसून आले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची विकासवाडीची कल्पना राबविण्यात आली. यामागील विचार व्यावहारिक होता. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवता आले, तर त्याला सांभाळणारी थोरली बहीण शाळेत बसू शकत होती. अशा रीतीने मुलींच्या गळतीवर शाळेच्या आवारातच उपाय काढण्यात आला.

कुरणशाळा

गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न यानेही सुटत नव्हता. सकाळी गुरे घेऊन गेलेला मुलगा सायंकाळी परते. शाळेची वेळ व त्याची वेळ कधीच जुळत नसे. त्यासाठी गुरे चरतात तेथेच शाळा नेण्याचा प्रयोग करण्यात आला. तीच कुरणशाळा होय. शिक्षक कुरणावर जात. मुले गुरांवर नजर ठेवून गाणी, गोष्टी, मोजणी व अक्षरओळख शिकत. परिसरातील झाडे, पक्षी, किडे, दगड व ओहोळ हेच त्यांचे निसर्गविज्ञानाचे पाठ्यपुस्तक झाले.

कुरणशाळेत शिक्षकाची खरी कसोटी लागत असे. तेथे फळा नव्हता, तासांची घंटा नव्हती आणि विषयांचे वेगळे कप्पेही नव्हते. एखादे गुरू दूर गेले की विद्यार्थी उठून जाई आणि पाठ तेथेच थांबे. सनदेच्या परीक्षेत शिकविल्याप्रमाणे क्रमवार टाचण काढून पाठ पुरा करणे येथे शक्य नव्हते. विषय पक्का असलेल्या शिक्षकालाच समोर दिसणाऱ्या वस्तूतून भाषा, गणित व विज्ञान यांचा धागा पकडता येई. त्यामुळे विषयांची तयारी अनावश्यक ठरली नाही, उलट ती अधिक पक्की असावी लागली. या प्रयोगावर अनुताईंनी कुरणशाळा याच नावाचे पुस्तक लिहिले.

पदवी परीक्षा

कोसबाडचे काम चालू असतानाच अनुताईंनी पदवीचा अभ्यास केला. आजारपण व डोळ्यांचा विकार यांमुळे वाचन कष्टाचे झाले होते. तरीही १९६१ मध्ये, मॅट्रिकनंतर चोवीस वर्षांनी, त्या पदवीधर झाल्या. या वेळी त्यांना नोकरीत बढती मिळवायची नव्हती आणि त्यांचे शैक्षणिक काम आधीच मान्यता पावले होते. फायनल ते पदवी हा त्यांचा परीक्षांचा प्रवास १९२५ ते १९६१ असा छत्तीस वर्षांचा झाला. या चारही परीक्षा त्यांनी वैधव्यानंतर दिल्या आणि शेवटच्या दोन पूर्ण वेळ शिकवीत असताना दिल्या.

शिक्षिकांचे प्रशिक्षण

बालवाड्यांची संख्या वाढवावयाची तर शिकविणाऱ्या व्यक्ती हव्यात, ही अडचण प्रारंभापासून होती. शहरात प्रशिक्षण घेतलेल्या तरुणी दूरच्या पाड्यांवर टिकून राहणे कठीण होते. तेथील बोली त्यांना परकी वाटे आणि वस्तीलाही त्या परक्या वाटत. स्थानिक स्त्रियांना बोली व माणसे माहीत होती, पण त्यांचे शालेय शिक्षण अल्प होते. अनुताईंनी या दुसऱ्या पर्यायावर भर दिला. बालसेविका विद्यालयाच्या माध्यमातून बालवाडीच्या कामासाठी सेविका तयार करण्यात आल्या.

या प्रशिक्षणाचे स्वरूप प्रचलित अध्यापन विद्यालयांपेक्षा वेगळे होते. बालकाची वाढ, आरोग्य व आहार, स्वच्छता, गाणी व गोष्टी, हस्तव्यवसाय, परिसरातील वस्तूंपासून साधने बनविणे आणि पालकांशी संवाद अशा बाबींना त्यात महत्त्व होते. ज्या गोष्टी अनुताईंना त्यांच्या सनदेच्या अभ्यासात मिळाल्या नव्हत्या आणि बोर्डी-कोसबाडला चुकतमाकत शिकाव्या लागल्या, त्याच आता अभ्यासाचे विषय झाल्या. बालवाडी कशी चालवावी हे त्यांचे पुस्तक याच गरजेतून आले. कमी शिकलेल्या सेविकेलाही समजेल अशा सोप्या मराठीत लिहिलेले असल्याने प्रशिक्षण घेणाऱ्यांना ते उपयोगी ठरले.

ताराबाईंच्या निधनानंतर

ताराबाई मोडक यांचे १९७३ मध्ये निधन झाले आणि कोसबाडच्या कामाची मुख्य जबाबदारी अनुताईंवर आली. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. बालवाड्या, पाळणाघरे, प्राथमिक शाळा, प्रौढ शिक्षणाचे वर्ग आणि बालसेविका विद्यालय असा कामाचा व्याप होता. मूकबधिर मुलांचे शिक्षण व स्त्रियांचे प्रश्न यांकडेही त्यांनी लक्ष दिले. स्त्री-शक्ती जागृती समितीच्या माध्यमातून त्यांनी स्त्रियांच्या जागृतीचे काम केले.

१९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. डहाणू परिसरातील आदिवासी मुलांचे शिक्षण, नव्या अध्यापन पद्धती व शिक्षक प्रशिक्षण या क्षेत्रांत या संस्थेने काम उभे केले. सत्तरी ओलांडल्यावर नव्या संस्थेची पायाभरणी करणाऱ्या अनुताई अखेरपर्यंत कार्यरत राहिल्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

लेखन व संपादन

अनुताईंनी शिक्षणपत्रिका या मासिकाचे संपादन केले. बालशिक्षणाचे विचार शिक्षक व पालकांपर्यंत पोहोचविण्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे. सावित्री या मासिकाचेही संपादन त्यांनी केले. त्यांच्या लेखनात सिद्धान्तांची चर्चा बेताची व प्रत्यक्ष अनुभवांची नोंद अधिक आढळते. त्यांची काही पुस्तके पुढीलप्रमाणे :

• कोसबाडच्या टेकडीवरून (आत्मकथनपर)
• कुरणशाळा
• बालवाडी कशी चालवावी
• विकासाच्या मार्गावर
• सहजशिक्षण

पुरस्कार व सन्मान

• महाराष्ट्र शासनाचा आदर्श शिक्षक पुरस्कार (१९७२)
• जमनालाल बजाज पुरस्कार (१९८५)
• पद्मश्री (१९८५)

शिक्षक पात्रता परीक्षांच्या संदर्भात

अनुताईंच्या काळातील सनद परीक्षेची जागा पुढे निरनिराळ्या पदविकांनी घेतली. प्राथमिक शिक्षकांसाठीच्या पी.टी.सी.नंतर डी.एड. व आता डी.एल.एड. असा हा क्रम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पदविकेबरोबरच शिक्षक पात्रता परीक्षाही अनिवार्य केली. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून घेतली जाते. मुंबई, ठाणे व नवी मुंबईसारख्या शहरांपासून डहाणू-तलासरीपर्यंतचे उमेदवार एकाच स्वरूपाची ही परीक्षा देतात.

पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच घटकांना प्रत्येकी ३० गुण असतात. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरमध्ये बालमानसशास्त्र व दोन भाषा यांना प्रत्येकी ३० गुण असून गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका विषयगटाला ६० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला ६० टक्के गुण आवश्यक असतात. प्राथमिक शिक्षकाने सर्व विषय जाणले पाहिजेत, हे जुन्या सनदेचे तत्त्व पहिल्या पेपरमध्ये कायम आहे. बालकाची वाढ व त्याची शिकण्याची रीत हा दोन्ही पेपरमध्ये समान घटक आहे. मात्र वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या या परीक्षेत प्रत्यक्ष पाठ द्यावा लागत नाही. त्याचा सराव पदविकेच्या शिक्षणकाळातच करून घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. निवृत्तीस त्याहून कमी अवधी असलेल्यांना सेवेत राहता येते, परंतु पदोन्नतीसाठी ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अल्पसंख्याक संस्थांविषयीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. यामुळे अनेक वर्षे वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांवर पुन्हा विद्यार्थी होण्याची वेळ आली. अनुताईंनी मॅट्रिक व पदवी परीक्षा स्वेच्छेने दिल्या होत्या, तर या शिक्षकांची नोकरी परीक्षेवर अवलंबून आहे, हा दोन्हींतील महत्त्वाचा फरक आहे. नोकरी, घर व अभ्यास यांचा मेळ घालण्याचे कष्ट मात्र समान आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वयाच्या तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत स्तर म्हणून शालेय शिक्षणात समाविष्ट केला आणि पात्रता परीक्षा सर्व स्तरांवरील शिक्षकांना लागू करण्याचे सुचविले. बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका या धोरणात प्रस्तावित आहे. कमी शिकलेल्या स्थानिक स्त्रीला योग्य प्रशिक्षण दिल्यास ती बालकांची उत्तम शिक्षिका होऊ शकते, या विश्वासावर कोसबाडचे बालसेविका प्रशिक्षण उभे होते. अंगणवाडीच्या शिक्षिकेला औपचारिक प्रशिक्षण व प्रमाणपत्र मिळावे, ही गोष्ट राष्ट्रीय धोरणात येण्यापूर्वी कित्येक दशके अनुताई वाघ यांनी डहाणूच्या पाड्यांवर प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला होता. अध्यापन पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचे चरित्र या कारणानेही अभ्यसनीय ठरते.